उंदराचा प्रोस्टेट कॅन्सर: सांगली-मिरजेत मला विचारले जाणारे प्रश्न

प्रोस्टेटचा कॅन्सर होईल अशा उंदरांची मुद्दाम पैदास करणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी सहा वर्षं होतो. आता सांगलीत कॉलेजवर प्राणिशास्त्र शिकवतो. मिरजेला दवाखान्यात कुणाला भेटायला गेलो आणि माझं जुनं काम कुणाला कळलं, की प्रश्न सुरू होतात. काही वर्गातली पोरं विचारतात, काही मार्केट यार्डातले ओळखीचे हळद व्यापारी, काही पेशंटचे नातेवाईक. तेच ते प्रश्न पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकदा लिहून ठेवली.

प्रोस्टेट नेमकी असते कुठे? उंदरालाही असते?

मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रनलिकेला वेढून बसलेली ही ग्रंथी. पाठ्यपुस्तकात हिला पुरःस्थ ग्रंथी म्हणतात, पण हा शब्द मी आजवर एकाही पेशंटच्या तोंडून ऐकलेला नाही. तरुण पुरुषात ती अक्रोडाएवढी असते आणि वीर्यातल्या द्रवाचा काही भाग तयार करते.

उंदरालाही असते, पण मांडणी वेगळी. माणसाची प्रोस्टेट म्हणजे एकसंध गोळा. उंदराची मात्र पाकळ्यांसारखी, चार जोड्यांत विभागलेली: पुढची, पाठीकडची, बाजूची आणि पोटाकडची. माणसाच्या गोळ्यात आतून वेगवेगळे पट्टे असतात. सुमारे ७० टक्के कॅन्सर बाहेरच्या पट्ट्यात होतात, आणि म्हातारपणी जी साधी वाढ होते ती मूत्रनलिकेलगतच्या आतल्या पट्ट्यात. म्हणूनच लघवी तुंबणं आणि कॅन्सर ही एकच गोष्ट नाही. लघवी अडकते ती बहुतेक वेळा साध्या वाढीमुळे, आणि कॅन्सर सुरुवातीला गपचूप बसलेला असू शकतो. उंदराच्या पाठीकडच्या आणि बाजूच्या पाकळ्या आपल्या बाहेरच्या पट्ट्याच्या जवळच्या मानतात. पोटाकडच्या पाकळीला आपल्यात जोडीदारच नाही.

उंदराला हा कॅन्सर आपोआप होतो का?

जवळपास नाहीच. प्रोस्टेटचा कॅन्सर आपोआप होणारे प्राणी फार थोडे, त्यात माणसाखालोखाल कुत्र्याचं नाव घेतात. उंदीर दोन-अडीच वर्षं जगतो, म्हातारा होतो, बाकीच्या गाठी होऊन मरतो, पण ही ग्रंथी त्याला दगा देत नाही.

पुढचं सगळं याच गोष्टीवर उभं आहे. उंदरातला प्रोस्टेट कॅन्सर आपल्याला सापडत नाही, तो आपण घडवतो. मग घडवताना काय मोडलं हे आपल्याला अगोदरच माहीत असतं. त्यामुळे 'अमुक जनुक मोडलं तर काय होतं' याचं उत्तर उंदीर फार चोख देतो. 'माझ्या वडिलांनी काय खावं' हे विचारलं तर तो गप्प बसतो. लोक मात्र त्याला दुसराच प्रश्न विचारत राहतात.

मग घडवतात कसा? इंजेक्शन देऊन?

नाही. उंदीर जन्माला येतानाच त्याच्या जनुकांत फेरफार झालेला असतो.

पहिला गाजलेला उंदीर १९९५ सालचा. अमेरिकेत नॉर्मन ग्रीनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तयार केला, नाव ट्रॅम्प. युक्ती समजायला शेतातली मोटार आठवा. मोटारीला ऑटो स्विच बसवलेला असतो. रात्री दोनला लाईट आली की मालक झोपलेला असला तरी मोटार सुरू. जनुकांनाही असेच स्विच असतात. प्रोबेसिन नावाच्या एका जनुकाचा स्विच असा आहे की तो मुख्यतः प्रोस्टेटमध्येच चालतो आणि त्याला 'लाईट' लागते ती पुरुषी संप्रेरकाची, म्हणजे हॉर्मोनची. हा स्विच मूळचा मोठ्या जातीच्या उंदराचा, म्हणजे रॅटचा. त्याला जोडली कोणती मोटार? एसव्ही४० नावाच्या माकडाच्या विषाणूतलं टी अँटिजेन. पेशीला आवर घालणारी पी५३ आणि आरबी ही दोन मोठी प्रथिनं, त्या दोघांनाही हे टी अँटिजेन निकामी करतं.

उंदीर वयात आला, संप्रेरक वाढलं, स्विच पडला. बाकी शरीरात काही नाही, प्रोस्टेटच्या पेशी मात्र बेलगाम वाढू लागतात. तीन महिन्यांच्या आसपास कॅन्सरच्या आधीची अवस्था दिसते, सात महिन्यांपर्यंत लसीका ग्रंथी आणि फुप्फुसांपर्यंत मजल जाते.

हे जरा बनावट नाही वाटत? माणसाच्या प्रोस्टेटमध्ये माकडाचा विषाणू कुठून आला?

बरोबर धरलंत. माझ्या वर्गात हा प्रश्न दरवर्षी एखादं तरी पोरगं विचारतं आणि मला फार बरं वाटतं. ट्रॅम्पमधल्या बऱ्याच गाठी न्यूरोएंडोक्राइन प्रकाराकडे झुकतात, म्हणजे त्यांच्या पेशी चेतापेशी आणि संप्रेरक बनवणाऱ्या पेशींसारख्या दिसतात. माणसात हा प्रकार सुरुवातीला क्वचित दिसतो, उपचार थकल्यावर जास्त. म्हणून पुढच्या पिढीतल्या संशोधकांनी ठरवलं की परका विषाणू नको, माणसाच्या गाठीत जे जनुक खरोखर मोडलेलं सापडतं तेच उंदरात मोडायचं.

म्हणजे पीटेन?

मुख्यतः तेच. पीटेन हे जनुक १९९७ साली सापडलं. पेशीला 'वाढ, वाढ' असा निरोप देणारी एक साखळी असते, तिला ब्रेक लावायचं काम पीटेनचं. माणसात प्रोस्टेटच्या नव्या गाठींपैकी साधारण पाचांतल्या एकीत ते गेलेलं असतं, आणि पसरलेल्या कॅन्सरमध्ये हे प्रमाण निम्म्याच्या जवळ पोचतं.

अडचण अशी की पीटेनच्या दोन्ही प्रती अख्ख्या शरीरातून काढल्या तर पिल्लू पोटातच मरतं. एकच प्रत काढली तर उंदीर जगतो, पण गाठी नाना ठिकाणी येतात. म्हणून क्री आणि लॉक्स-पी ही जोडगोळी वापरतात. लॉक्स-पी म्हणजे डीएनएवर केलेली ३४ अक्षरांची खूण. क्री हे विकर (एन्झाइम) अशा दोन खुणा दिसल्या की मधला तुकडा छाटतं आणि टोकं पुन्हा जोडून टाकतं. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीच्या वेळी काडीवर दोन ठिकाणी खडूनं खूण करून गड्याला सांगावं, मधलं काढ, तसं. फक्त टोकं जोडून द्यायचं काम आपला गडी करत नाही.

तर पीटेनच्या दोन्ही बाजूंना खुणा करायच्या आणि छाटणाऱ्या क्रीला तोच प्रोबेसिनचा ऑटो स्विच बसवायचा. बाकी सगळ्या अवयवांत पीटेन शाबूत, प्रोस्टेटमध्ये गायब. असा उंदीर २००३ साली हाँग वू यांच्या प्रयोगशाळेने प्रसिद्ध केला. त्यात सहा आठवड्यांत कॅन्सरपूर्व अवस्था दिसली आणि नऊ आठवड्यांपासून आजूबाजूला घुसणारा कॅन्सर. आणखी एक गोष्ट त्यात दिसली जी मिरजेतल्या डॉक्टरांना रोज दिसते: वृषणं काढून संप्रेरक बंद केलं की गाठ आधी आक्रसते, पण काही पेशी संप्रेरकाशिवायही वाढत राहतात. संप्रेरक तोडलं की प्रोस्टेटचा कॅन्सर मागे हटतो हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली माणसांत दाखवलं होतं, आणि त्यासाठी त्यांना १९६६ साली नोबेल मिळालं. मागे हटलेला कॅन्सर परत का येतो, हे उलगडायला आता पिंजऱ्यातला प्राणी हाताशी आला.

एकच जनुक मोडलं की कॅन्सर, असं सरळ असतं का?

नसतं. या सगळ्या विषयात मला सर्वांत आवडणारी गोष्ट इथे आहे.

पी५३ हे नाव कॅन्सरबद्दल वाचणाऱ्याला माहीत असतं. प्रोस्टेटमधून एकटं पी५३ काढलं तर उंदराला गाठ होत नाही. एकटं पीटेन काढलं तर कॅन्सर होतो, पण सावकाश पुढे जातो. २००५ साली पॅन्डोल्फी या संशोधकाच्या गटाने दोन्ही काढून पाहिली, तर गाठी इतक्या झपाट्याने वाढल्या की सात महिन्यांच्या आत सगळे उंदीर गेले. का? पीटेन गेल्यावर पेशी वेड्यासारखी वाढू बघते, तेव्हा पी५३ तिला कायमची झोपवतं. पेशी मरत नाही, पण विभागतही नाही, नुसती म्हातारी होऊन बसते. म्हणजे पहिला ब्रेक तुटल्यामुळेच दुसरा ब्रेक लागतो. तोही तुटला की मग उतारावरची गाडी.

२०११ साली स्मॅड४ या आणखी एका जनुकाबद्दल असंच काहीसं दिसलं. स्मॅड४ एकटं काढलं तर प्रोस्टेट शांत, पीटेनच्या जोडीनं काढलं तर कॅन्सर सर्रास लसीका ग्रंथी आणि फुप्फुसांत पसरतो. मिक हे जनुक वाजवीपेक्षा जास्त चालवलेले उंदीरही आहेत. आणि ईआरजी या जनुकाची गंमत वेगळी. टीएमपीआरएसएस२ नावाच्या जनुकाचा स्विच ईआरजीला चुकून जोडला जातो, हे माणसांच्या गाठींत २००५ साली सापडलं. पाश्चात्त्य देशांतल्या साधारण निम्म्या पेशंटमध्ये ते दिसतं. एवढा सर्रास दिसणारा बिघाड, म्हणून सगळे हरखले. उंदरात एकटं ईआरजी चालवलं तर फारसं काहीच होईना! पीटेन कमी केल्यावर मात्र ते कामाला लागलं.

पेशंटच्या गाठीत शंभर बिघाड एकदम दिसतात. त्यातला चोर कोण, साथीदार कोण आणि नुसता बघ्या कोण, हे माणसाच्या बायॉप्सीवरून ओळखणं अवघड. उंदरात एकेक करून मोडता येतं.

असा हवा तसा उंदीर मिळायला किती वेळ लागतो?

लोकांना वाटतं फ्रिजमधून काढून देतात. हिशोब बघा. क्री असलेला आणि पीटेनच्या एकाच प्रतीवर खुणा असलेला नर, आणि दोन्ही प्रतींवर खुणा असलेली मादी. यांच्या पिल्लांत हवी ती जोडणी चारातल्या एकाला. त्यातही आपल्याला नरच हवा, मादीला प्रोस्टेट कुठून येणार. म्हणजे आठात एक. मादीची विण सहा-आठ पिल्लांची, गर्भ तीन आठवड्यांचा. एका प्रयोगाला वीस नर लागले तर जन्माला घालावी लागतात दीडशेच्या वर पिल्लं.

आणि क्री नराकडूनच द्यायची, मादीकडून नाही. मादीकडून दिली तर बीजपेशींतच छाटणी होऊ शकते आणि पिल्लांच्या अंगभर जनुक तुटलेलं निघतं. हा नियम एका नवख्या पोरानं मोडला होता, तीन महिन्यांची पैदास वाया गेली. तो पोरगा मीच.

ओळख पटवायची तर पिल्लाच्या शेपटीचं टोक किंवा कानाचा टिकलीएवढा तुकडा घेऊन डीएनए तपासतात. कानाला पडलेलं भोक हाच मग त्याचा नंबर. ही पद्धत मला गावच्या जनावरांच्या बाजाराची आठवण करून द्यायची, तिथेही कानातल्या बिल्ल्यावरूनच जनावर ओळखतात.

सगळ्या उंदरांत कॅन्सर सारख्याच वेगानं वाढतो का?

नाही. तेच पीटेन, तीच क्री, पण उंदराचं वाण बदललं की वेग बदलतो. सर्वांत जास्त वापरलं जाणारं वाण सी५७बीएल/६, बोलीत ब्लॅक सिक्स. नावाप्रमाणे काळंच. 'प्रयोगशाळेतला पांढरा उंदीर' हे चित्र डोक्यात ठेवून येणाऱ्या पाहुण्यांची दरवेळी निराशा व्हायची.

उंदराचं पीएसए तपासता येतं का?

येत नाही. पीएसए म्हणजे प्रोस्टेट बनवते ते, पुरुषांच्या रक्तात मोजलं जाणारं प्रथिन, आणि ते बनवणारं जनुकच उंदराकडे नाही. त्यामुळे उंदराची गाठ बघायची तर एमआरआय, सोनोग्राफी, नाहीतर शेवटी सूक्ष्मदर्शक.

माणसाच्या कॅन्सरच्या पेशी उंदराला टोचतात, ते वेगळं का?

वेगळं. तिथे गाठ माणसाची, उंदीर फक्त भाडेकरू ठेवणारा घरमालक. घरमालकानं भाडेकरूला हाकलू नये म्हणून प्रतिकारशक्ती नसलेला उंदीर घ्यावा लागतो, बहुधा केस नसलेला. फायदा असा की पेशी खऱ्या माणसाच्या. तोटा असा की गाठ आणि प्रतिकारशक्ती यांची झटापट दिसतच नाही, आणि कॅन्सर सुरू कसा झाला हेही कळत नाही, कारण तो तयारच आणलेला असतो. जनुक बदललेल्या उंदरात प्रतिकारशक्ती शाबूत असते आणि कॅन्सर पहिल्या पेशीपासून डोळ्यांसमोर वाढतो. एन्झालुटामाइड हे आज प्रोस्टेटच्या पेशंटला मिळणारं औषध पुढे आलं ते पहिल्या प्रकारच्या, म्हणजे माणसाच्या पेशी टोचलेल्या उंदरांच्या कामातून. त्याचं श्रेय मी माझ्या लाडक्या उंदरांना देणार नाही.

मग या जनुक बदललेल्या उंदरांमुळे पेशंटला काय मिळालं? खरं सांगा.

खरं सांगतो, आणि त्यासाठी एक लांबडी गोष्ट सांगावी लागेल.

प्रोस्टेटच्या पेशीला वाढायला दोन वाटा आहेत. एक पुरुषी संप्रेरकाची, दुसरी पीटेन ज्या साखळीला ब्रेक लावतं ती. २०११ साली पीटेन नसलेल्या उंदरांवर काम करताना दिसलं की या दोन वाटा एकमेकींना दाबून ठेवतात. एक बंद केली की दुसरी जोर धरते. कृष्णेकाठच्या माणसाला हे समजवायला नको: एका बाजूचा बांध उंच केला की पाणी दुसऱ्या काठावर चढतं. म्हणजे संप्रेरक बंद करणारं औषध एकटं दिलं तर पेशी दुसऱ्या वाटेनं निघून जाणार. दोन्ही एकदम बंद केल्या तेव्हा उंदरांतल्या गाठी ठळकपणे आक्रसल्या.

यावरून माणसांत मोठी चाचणी झाली. पसरलेला, संप्रेरक तोडूनही वाढणारा कॅन्सर असलेले ११०० पुरुष. सगळ्यांना संप्रेरकाची वाट बंद करणारं अ‍ॅबिराटेरोन, अर्ध्यांना त्याच्या जोडीला दुसरी वाट अडवणारं इपाटासर्टिब. निकाल २०२१ मध्ये छापून आला. ज्यांच्या गाठीत पीटेन नव्हतं त्यांच्यात रोग पुढे सरकायला लागणारा काळ साडेसोळा महिन्यांवरून साडेअठरावर गेला. ज्यांच्यात पीटेन होतं त्यांना जोड औषधाचा तसा फायदा दिसला नाही. जुलाब, अंगावर पुरळ, साखर वाढणं हे त्रास मात्र वाढले, आणि आयुष्य ठळकपणे वाढल्याचं सिद्ध झालं नाही.

दोन महिने. उंदरांनी दिशा बरोबर सांगितली होती, कुणाला फायदा होईल हेही बरोबर सांगितलं होतं. किती होईल ते मात्र सांगता आलं नाही. पेपरात 'उंदरांमध्ये गाठी आक्रसल्या' असं वाचलं की मी मनातल्या मनात हे साडेसोळा आणि साडेअठरा आठवतो.

हळदीनं उंदरांचा प्रोस्टेट कॅन्सर बरा झाला, असा मेसेज आलाय. आपण तर हळदीच्या गावात राहतो. मग रोज चमचाभर घेतली तर?

हा प्रश्न मला जितक्यांदा आलाय तितक्यांदा दुसरा कुठलाही आलेला नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तर मेसेज जास्तच पिवळे झालेत.

मेसेज अगदी हवेतला नसतो. हळदीतलं कुर्क्युमिन ट्रॅम्प उंदरांना देऊन पाहिलेलं आहे आणि कॅन्सरपूर्व बदल कमी झाल्याचे निष्कर्ष छापूनही आले आहेत. ग्रीन टीमधल्या पॉलिफेनॉलचा असाच प्रयोग २००१ साली गाजला. पण तो प्रयोग नीट वाचा. उंदीर आठ आठवड्यांचा, कोवळा, गाठ झालेलीच नाही, तेव्हापासून ते पाण्यातून सुरू केलेलं. म्हणजे प्रश्न होता 'होणारा कॅन्सर लांबवता येईल का'. मिरजेच्या वॉर्डातल्या वडिलांना कॅन्सर झालेला आहे. त्यांचा प्रश्न वेगळा, आणि त्या प्रश्नाला या प्रयोगात उत्तर नाही. 'बरा झाला' हे शब्द तर मेसेज पाठवणाऱ्याचे.

दुसरी गोष्ट मात्रेची. हळदीच्या पुडीत कुर्क्युमिन असतं साधारण तीन टक्के, आणि ते आतड्यातून रक्तात फार कमी जातं. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजात १९९८ साली दिसलं की मिऱ्यातलं पाइपरिन सोबत दिलं तर ते कितीतरी पट जास्त शोषलं जातं. झालं, बाजारात गोळ्या आल्या. पण जास्त शोषलं जाणं म्हणजे जास्त गुण, असं नव्हे. अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याची प्रकरणं नोंदली गेली आहेत, आणि कॅन्सरच्या औषधांबरोबर पाइपरिन घेणं हा डॉक्टरांना न विचारता करायचा उद्योग नाही.

'नैसर्गिक आहे, नुकसान तर नाही ना?' असं विचारणाऱ्यांसाठी एक चाचणी सांगतो. प्रोस्टेटचा कॅन्सर टळावा म्हणून ३५,००० हून अधिक निरोगी पुरुषांना सेलेनियम आणि ई जीवनसत्त्व देऊन पाहिलं. फायदा दिसेना म्हणून २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या. २०११ मध्ये आकडे आले तेव्हा नुसतं ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्के जास्त निघाला.

भाजीत हळद घाला, दुधात घाला. माझे निम्मे नातेवाईक हळदीवर जगतात, मी कशाला वाईट बोलू. औषधाची चिठ्ठी मात्र ट्रॅम्प उंदराकडून घेऊ नका.

माणसाचा प्रोस्टेट कॅन्सर हाडांत जातो. उंदरातही?

क्वचित. ही या उंदरांची मोठी उणीव. माणसात मणका, कमरेची हाडं ही ठरलेली ठिकाणं, कंबर दुखते म्हणून दाखवायला गेलेल्याला कॅन्सर निघतो. उंदरात तो लसीका ग्रंथी, फुप्फुसं, यकृत इथे जातो आणि हाडं टाळतो. २०१२ साली गुणसूत्रांच्या टोकांशी खेळ करून काही उंदरांत तो मणक्यापर्यंत नेता आला, पण ते सोपं काम नव्हे.

आमची तासगावला द्राक्षबाग आहे. वीस वर्षं फवारणी केली. त्यानं प्रोस्टेटचा कॅन्सर होतो का, हे उंदरांनी सांगितलंय का?

या उंदरांनी नाही. त्यांना कॅन्सर व्हायचाच असतो, आपणच तो आत बसवलेला असतो. बाहेरचं कारण शोधायचं तर फवारणी करणाऱ्या माणसांकडेच वर्षानुवर्षं बघावं लागतं. अमेरिकेत असा एक अभ्यास १९९३ पासून चालू आहे, फवारणी करणारे पन्नास हजारांहून जास्त लोक त्यात आहेत. मॅलॅथिऑनसह काही कीटकनाशकांचा आक्रमक प्रोस्टेट कॅन्सरशी संबंध त्यात दिसला. संबंध दिसणं आणि कारण ठरणं यात अंतर असतं, पण मास्क आणि हातमोजे घालायला तेवढं अंतर पार व्हायची वाट बघू नका. बागेत उघड्या हातानं औषध कालवणारी माणसं मी अजून बघतो.

गोदामातला उंदीर आणि प्रयोगशाळेतला उंदीर एकच?

जात एकच, मस मस्क्युलस. घूस वेगळी, तिला यात धरू नका. ब्लॅक सिक्स १९२१ साली सुरू झालेलं वाण. त्याची मूळ मादी अ‍ॅबी लॅथ्रॉप या मॅसॅच्युसेट्समधल्या बाईंकडची, त्या हौशी लोकांसाठी उंदीर पाळून विकायच्या. तेव्हापासून भावंडांतच जुगवत आणल्यामुळे आज त्या वाणातले उंदीर एकमेकांची जवळपास नक्कल असतात. हरिपूरच्या हळद साठवायच्या पेवांभोवती फिरणारा उंदीर मात्र स्वतःचा एकटाच.

गणपतीचं वाहन आहे ते. पाप नाही वाटत?

हे माझ्या मावशीनं विचारलं होतं, सांगलीच्या गणपतीला जाऊन आल्या आल्या.

वाटतं. उंदराला दुखतं, आणि त्याच्या वाटणीला आलेला कॅन्सर आपण दिलेला असतो. म्हणूनच मोकाट कुणाला काही करता येत नाही. आपल्याकडे प्राणिक्रौर्य प्रतिबंधाचा १९६० चा कायदा आहे, त्याखाली केंद्राची समिती आहे आणि प्रत्येक संस्थेत स्थानिक नीतिमत्ता समिती. किती उंदीर, कशासाठी, दुसऱ्या मार्गानं होणार नाही का, हे लिहून द्यावं लागतं. जनुक बदललेला प्राणी असेल तर जैवसुरक्षा समितीही आली. गाठ ठरलेल्या मापाची झाली, वजन घटलं, उंदीर कोपऱ्यात अंग फुगवून बसला, की प्रयोग अर्धवट असला तरी त्याला वेदना न होता संपवायचं. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन सूत्रं सगळीकडे लावतात: जमेल तिथे प्राणी टाळा, लागले तर कमी वापरा, आणि त्रास कमी करा.

आठातले सात उंदीर पैदाशीतच फुकट जातात हे वर लिहिलंय. ते मला आजही खटकतं. मावशीला मी एवढंच म्हटलं, आणि ती तीर्थ देऊन गप्प बसली.

वडिलांचं पीएसए वाढलंय. तुम्ही काय म्हणता?

मी उंदरांचा माणूस. यूरॉलॉजिस्टकडे जा. एवढं सांगतो की पीएसए साध्या वाढीनं, लघवीच्या जंतुसंसर्गानंही वाढतं, तेव्हा एका आकड्यावर घर डोक्यावर घेऊ नका आणि तो आकडा फाइलमध्ये दडवूनही ठेवू नका. बायॉप्सी झाली तर ग्लीसन स्कोअर, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली गाठ किती आक्रमक दिसते त्याचा आकडा, विचारा, सहा आणि नऊ यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. रोग पसरलेला असेल, किंवा घरात कुणाला स्तनाचा, अंडाशयाचा, प्रोस्टेटचा कॅन्सर झालेला असेल, तर बीआरसीए२ या जनुकाच्या तपासणीबद्दल विचारा. त्यावर औषध ठरू शकतं.

तुमच्या घरात उंदीर झाले तर तुम्ही काय करता?

पिंजरा लावतो, आत भज्याचा तुकडा. सकाळी सापडलेला उंदीर नदीकडे नेऊन सोडतो. सोडायच्या आधी त्याचे कान बघायची सवय अजून गेलेली नाही.